जुना लॅपटॉप, लिनक्स आणि कॅसेटच्या धाटणीचे गेम: काय बघून घ्यायचे, कसे चालवायचे

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि दुपारी अकरा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सुट्टीला आलेली मामे-आतेभावंडं कूलरसमोर ठाण मांडून असतात. अशा बऱ्याच घरांत कपाटात एक जुना लॅपटॉपही पडलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ त्यावर बसत नाही, म्हणून तो बाजूला ठेवलेला. तो भंगारात घालू नका. टीव्हीला डबा जोडून, कॅसेट फुंकून खेळायचो त्या धाटणीचे गेम आजही नव्याने बनतात, आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली की असा लॅपटॉप ते छान पेलतो. फक्त काही गोष्टी पैसे देण्याआधी बघायच्या असतात. त्या नंतर बघितल्या की मनस्ताप होतो.

पडद्यावर मेनूंची नावं इंग्रजीत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

आधी प्रोसेसरचा नंबर बघा

लॅपटॉपवरचा स्टिकर किंवा सिस्टिम इन्फॉर्मेशनमधलं प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेल असेल तर आय-३ किंवा आय-५ नंतरच्या आकड्यात पिढी लिहिलेली असते. आय-३ ४००५यू म्हणजे चौथी पिढी, आय-५ ६२००यू म्हणजे सहावी, आय-३ १०११०यू म्हणजे दहावी.

हा आकडा महत्त्वाचा का, ते नीट समजून घ्या. लिनक्सवर गेम दोन प्रकारे चालतात. काही गेमची खास लिनक्ससाठीची आवृत्ती असते, तिला नेटिव्ह म्हणतात. बाकीचे विंडोजचेच असतात आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं प्रोटॉन नावाचं साधन ते चालवून देतं. स्टीमच्या कंपनीने, म्हणजे व्हॉल्व्हने, ते ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं. प्रोटॉन विंडोजच्या डायरेक्टएक्सची भाषा व्हल्कन नावाच्या ग्राफिक्सच्या भाषेत बदलतं. म्हणजे तुमच्या ग्राफिक्स चिपला व्हल्कन यायला हवं. प्रोटॉन ८ पासून पुढे व्हल्कन १.३ लागतं, आणि इंटेलच्या बाबतीत ते सहाव्या पिढीपासून व्यवस्थित मिळतं.

चौथ्या-पाचव्या पिढीला व्हल्कन आहे, पण अपुरं. तिथे प्रोटॉन ७.० वापरायचं, कसं ते पुढे येतं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीवर प्रोटॉनच्या नादी लागूच नका. तिथे नेटिव्ह गेम आणि एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) हाच रस्ता. तो रस्ताही काही अरुंद नाही, कारण पिक्सेलवाले बहुतेक नेटिव्ह गेम ओपनजीएल या ग्राफिक्सच्या जुन्या भाषेवर चालतात आणि ते या जुन्या चिपांना चांगलं जमतं.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर लिनक्स मिंटमध्ये (त्याबद्दल पुढे) ड्रायव्हर मॅनेजर उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घ्या. रॅम ४ जीबी असेल तर भागतं. ८ जीबी असेल तर स्टीम उघडं ठेवून ब्राउझरही चालवता येतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तर लॅपटॉपचा कायापालट होतो, आणि खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च हाच करा.

लिनक्स कोणतं

नव्याने येणाऱ्यांनी लिनक्स मिंट २२ घ्यावं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई आवृत्ती, जास्त असेल तर सिनॅमन. बसवून झालं की दोन कामं आधी उरका. अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या, मशीन रीस्टार्ट करा. मग टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा. पुढे ड्रायव्हर बदलताना काही बिघडलं तर पाच मिनिटांत मागे येता येतं.

स्टीम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या, आणि तिथे दोन पर्याय दिसले तर 'सिस्टिम पॅकेज' निवडा. फ्लॅटपॅकमधलं स्टीमही चालतं, पण ते बंदिस्त असतं. दुसऱ्या ड्राइव्हवरचे फोल्डर त्याला दिसत नाहीत, आणि पॅड (गेम खेळायचा कंट्रोलर) ओळखण्यासाठी स्टीम-डिव्हायसेस नावाचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. ज्याला हे माहीत नसतं तो पॅडलाच दोष देत बसतो. बसवताना 'ही पॅकेजेस काढली जातील' अशी यादी आली आणि त्यात डेस्कटॉपचीच नावं दिसली, तर 'हो' म्हणू नका. थांबा, अपडेट पूर्ण करा आणि मग परत करून बघा.

आधी फुकटचे गेम लावून बघा

मशीन, आवाज, पॅड सगळं नीट आहे का हे विकतच्या गेमवर तपासू नये. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून सुपरटक्स घ्या. मारिओच्या धाटणीचा हा पेंग्विन उड्या मारायला लागला की चिप आणि पॅड दोन्हींची परीक्षा होते. डूमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, त्यावर उभा असलेला फ्रीडूम पूर्ण फुकट आहे आणि अगदी जुन्या मशीनवरही पळतो. पॉइंट-अँड-क्लिक गोष्टी आवडणाऱ्यांसाठी स्कमव्हीएम घ्या. 'बिनीथ अ स्टील स्काय' हा जुना गेम त्याच्यासोबत कायदेशीरपणे फुकट मिळतो. रेल्वेच्या गावातल्या पोरांना ओपनटीटीडी दाखवाच. रूळ टाका, सिग्नल लावा, मालगाड्या सोडा. भुसावळच्या पोराला जंक्शन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

पिको-८ नावाचं एक प्रकरणही जाणून घ्या. हा प्रत्यक्षात नसलेला, कल्पनेतला कन्सोल आहे: पडदा १२८ बाय १२८, रंग सोळा, एका गेमची कॅसेट ३२ केबीची. सेलेस्ट हा गाजलेला गेम आधी २०१५ मध्ये यावरच छोट्या रूपात आला. ते मूळ रूप आजही ब्राउझरमध्ये फुकट खेळता येतं, आणि त्याला मोबाइलचा डेटा नावापुरताच लागतो. विकत घेण्याआधी मूळ चव कळावी म्हणून ते जरूर खेळा.

विकत घेताना: कुठे आणि काय बघून

*स्टीम.* भारतात २०१५ पासून किमती रुपयांत आहेत आणि यूपीआयने पैसे भरता येतात. त्यामुळे कॉलेजच्या मुलांना सगळ्यात सोयीचं हेच दुकान. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हे दोन तास नीट वापरा. घेतल्या घेतल्या पहिल्या बैठकीतच पॅड, आवाज, पूर्ण पडदा, आणि एकदा सेव्ह करून बंद करून पुन्हा उघडणं, एवढं सगळं तपासा. गोष्टीत रमलात की दोन तास कधी गेले ते कळत नाही.

गेमच्या पानावर सिस्टिमची चिन्हं असतात. विंडोजच्या खिडकीशेजारी स्टीमचं गोल चिन्ह दिसलं तर नेटिव्ह लिनक्स आवृत्ती आहे. ते नसेल तर प्रोटॉनडीबी या साइटवर गेमचं नाव शोधा. प्लॅटिनम किंवा गोल्ड असेल तर पुढे जा, बोर्क्ड असेल तर विसरा. पण नुसतं पदक बघू नका. खाली लोकांनी लिहिलेले अनुभव वाचा, तेही गेल्या सहा महिन्यांतले, आणि तुमच्यासारखी इंटेलची चिप असलेल्या कोणी काय लिहिलंय ते शोधा. महागडं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्याचं 'झकास चालतो' तुमच्या काही कामाचं नाही.

*जीओजी.* इथली खरी किंमत ही, की गेमची इन्स्टॉल फाइल तुमच्या हातात येते. ती डाउनलोड करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे इंटरनेट नको, लॉगिन नको, दुकान नको. कॅसेट जशी आपली असायची, तसंच. परताव्याची मुदत ३० दिवस आहे, तीही गेम उघडून खेळला असला तरी. इंटरनेट जिथे भरवशाचं नाही, तिथे एकच गेम दोन्हीकडे सारख्या किमतीत दिसत असेल तर जीओजीचा घ्यावा. शॉव्हेल नाइट, स्टारड्यू व्हॅली, व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही, टॉवरफॉल, डेड सेल्स या सगळ्यांच्या लिनक्स आवृत्त्या तिथे आहेत.

*इच.* हे एकट्या-दुकट्या बनवणाऱ्यांचं बाजारपेठेसारखं ठिकाण. सेलेस्टची लिनक्स आवृत्ती इथे मिळते, आणि इथेही फाइल तुमच्या ताब्यात येते. बऱ्याच गेमचा डेमो फुकट असतो, तो आधी चालवा. ज्यांना छोटे, विचित्र, मनापासून बनवलेले गेम आवडतात त्यांना इथून उठवत नाही.

जीओजी आणि इचवर किमती डॉलरमध्ये असतात, आणि आपल्याकडच्यांची गाडी नेमकी इथेच अडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'इंटरनॅशनल' आणि 'ऑनलाइन' दोन्ही चालू करा, मर्यादा हजार-दीड हजारावर ठेवा, खरेदी झाली की पुन्हा बंद करा. रुपे कार्ड अशा दुकानांत बहुधा चालत नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. वर बँक परकीय चलनाचा आकार लावते, साधारण २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी. म्हणून डॉलरची किंमत रुपयांत करताना थोडी जास्तच धरा. गेम दोन-तीन घ्यायचे असतील तर एकाच बिलात घ्या.

घाई कसलीच नको. पाहिजे तो गेम विशलिस्टमध्ये टाका. जूनअखेरचा आणि डिसेंबरचा सेल हमखास येतो आणि पिक्सेलवाले गेम त्यात अर्ध्याच्या खाली येतात. भलत्याच साइटवर स्वस्तात मिळणारे कोड मात्र घेऊ नका. त्यातले किती तरी चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात आणि नंतर रद्द होतात. बनवणाऱ्याच्या हाती तर त्यातला एक पैसाही लागत नाही. 'दहा हजार गेम' म्हणून विकली जाणारी स्टिक किंवा मेमरी कार्ड हाही त्याच जातीचा माल.

जीओजीची फाइल बसवणं

डाउनलोड झालेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब एसएच असतं. तिच्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग परमिशन्स, आणि 'अलाउ एक्झिक्युटिंग फाइल ॲज प्रोग्राम' वर खूण करा. मग डबल क्लिक करून 'रन'. सुरुवातीला ती स्वतःच स्वतःची तपासणी करते. लाइट गेल्यामुळे डाउनलोड अर्धवट राहिलं असेल तर इथेच अडेल आणि कळेल. मग पुन्हा डाउनलोड करा.

ती खूण टिकतच नसेल, म्हणजे लावली की लगेच निघून जात असेल, तर फाइल पेनड्राइव्हवर आहे का बघा. फॅट३२ आणि एक्सफॅट या पद्धतींत 'चालवायची परवानगी' साठवायची सोयच नसते. फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथे खूण लावा. फाइल चालवताना रूटचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड देऊ नका. गेम तुमच्या होममध्येच बसतो, त्याला त्याची गरज नसते, आणि दिला तर पुढे सेव्ह फाइलींवर तुमचाच हक्क राहत नाही.

गेम उघडत नाही, काही सांगतही नाही, नुसता चूप बसतो, असं झालं तर त्याच्या फोल्डरमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि स्टार्ट नावाची फाइल तिथे ओढून टाकून एंटर दाबा. शेवटच्या दोन ओळी वाचा. 'शेअर्ड लायब्ररी' सापडली नाही असं लिहिलं असेल तर पुढे तिचं नाव असतं, ते नाव सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा. जुने नेटिव्ह गेम बरेचदा ३२ बिटचे असतात आणि आजच्या लिनक्समध्ये ३२ बिटच्या लायब्ररी आपोआप नसतात. स्टीमचं सिस्टिम पॅकेज त्यातल्या बऱ्याच सोबत आणतं, म्हणून जीओजीचेच गेम खेळणाऱ्यांनीही स्टीम बसवून ठेवलेलं बरं.

जीओजीवरच्या विंडोजच्या गेमसाठी हिरोइक गेम्स लॉन्चर घ्या. तुमच्या खात्यातून तो गेम उतरवतो आणि वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) किंवा प्रोटॉनवर लावून देतो.

प्रोटॉन लावताना

स्टीममध्ये सेटिंग्ज, मग कम्पॅटिबिलिटी. तिथे इतर सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करायचा पर्याय बंद दिसला तर चालू करा. गेमगणिक बदल करायचा तर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि 'फोर्स' वाली खूण लावून यादीतून आवृत्ती निवडा. चौथ्या-पाचव्या पिढीच्या इंटेलवर इथेच प्रोटॉन ७.० निवडायचं. त्यातलं भाषांतराचं जुनं साधन व्हल्कन १.१ वर भागवतं. गेम 'रनिंग' म्हणतो आणि दहा सेकंदांत पुन्हा 'प्ले' दिसतं, ही या दुखण्याची नेहमीची खूण.

हीच यादी उलट्या कामालाही येते. काही नेटिव्ह आवृत्त्या कंपनीने एकदा काढल्या आणि पुढे हात लावला नाही. आवाज येत नाही, पॅड अर्धवट ओळखतो, नव्या प्रकरणांचा अपडेटच मिळालेला नसतो. तिथे फोर्स करून प्रोटॉन लावा. नेटिव्ह म्हणजे हमखास चांगलं असं नसतं. पण बदलण्याआधी सेव्ह फाइल कुठे आहे ते बघा, कारण दोन्हींच्या सेव्हच्या जागा वेगळ्या असतात आणि अर्धा गेम गायब झाल्यासारखं वाटतं. तो गायब नसतो, जुन्याच जागी असतो.

सगळ्यात फसवी चूक ड्राइव्हची. विंडोजच्या काळातला डी ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असतो, आणि जागा वाचवायला लोक स्टीमची लायब्ररी तिथेच करतात. प्रोटॉनला फाइलींचे दुवे करायचे असतात, नावात कोलन वापरायचा असतो, आणि एनटीएफएसवर हे अडतं. गेम डाउनलोड होतो, पण सुरू होत नाही. तो भाग रिकामा करून एक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा, मग लायब्ररी करा.

पिक्सेल चौकोनी दिसायला हवा

या गेमची अर्धी मजा डोळ्यांची आहे, आणि तीच बहुतेक जण नकळत घालवतात. बहुतेक जुन्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ असतो. शॉव्हेल नाइटचं चित्र मुळात ४०० बाय २४० आहे. ते पूर्ण उंचीला ताणलं तर ३.२ पट होतं. आता एक पिक्सेल ३.२ ठिपक्यांचा कसा करायचा? म्हणून काही पिक्सेल तीन ठिपके रुंद होतात, काही चार. नाइटच्या शिरस्त्राणाचं एक शिंग जाड दिसतं, दुसरं बारीक. पडदा सरकू लागला की ही जाडी जागा बदलते आणि सगळं चित्र लहरल्यासारखं होतं. डोळे दुखतात ते यानेच.

उपाय एकच, पूर्ण पट. ४०० बाय २४० ची तीन पट म्हणजे १२०० बाय ७२०. वर-खाली २४ ठिपक्यांची आणि बाजूंना ८३ ठिपक्यांची काळी पट्टी राहते, ती राहू द्या. सेलेस्ट ३२० बाय १८० चा आहे, चार पट करून १२८० बाय ७२०. जुन्या कन्सोलच्या २५६ बाय २४० ची तीन पट ७६८ बाय ७२०. पिको-८ ची गंमत अशी, की १२८ ची सहा पट बरोबर ७६८ येते आणि चित्र पडद्याच्या उंचीला इंच न् इंच चिकटून बसतं. १९२० बाय १०८० च्या टीव्हीवर सेलेस्ट नेमका सहा पटीत अख्खा पडदा भरतो.

गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'पिक्सेल परफेक्ट' किंवा 'इंटिजर' असं काही असेल तर ते चालू करा. नसेल तर गेम विंडोत चालवून विंडोचा आकार वरच्या हिशोबाने ठेवा.

एम्युलेटर, पण सरळ मार्गाने

रेट्रोआर्च हा एम्युलेटर फ्लॅटहबवरून (फ्लॅटपॅकचं भांडार) किंवा स्टीमवरून घ्या, दोन्हीकडे फुकट आहे. सॉफ्टवेअर मॅनेजरमधल्या सिस्टिम पॅकेजमध्ये कोअर (एकेका कन्सोलची नक्कल करणारा भाग) उतरवायचा मेनू बंद ठेवलेला असतो आणि नवखा माणूस तो शोधून थकतो. फ्लॅटहबवाल्यात ऑनलाइन अपडेटर, मग कोअर डाउनलोडर. निन्टेन्डोच्या जुन्या डब्यासाठी नेस्टोपिया, गेमबॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए.

रॉम, म्हणजे गेमच्या फाइली, कुठून आणायचे? त्या जुन्या कन्सोलसाठी लोक आजही नवे गेम लिहितात आणि रॉम स्वतःच विकतात किंवा वाटतात. २०१९ चा मायक्रो मेजेस घ्या. चार जण एकत्र खेळू शकतात आणि अख्खा गेम ४० केबीचा आहे, मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान. गेमबॉयसाठीचा टोबू टोबू गर्ल तर फुकट आणि खुल्या सोर्सचा आहे.

सेटिंग्ज, व्हिडिओ, स्केलिंगमध्ये इंटिजर स्केल चालू करा. जुन्या टीव्हीसारख्या रेघा हव्या असतील तर झेडफास्ट सीआरटी हा शेडर (चित्राचं रूप बदलणारा छोटा प्रोग्रॅम) इंटेलला झेपतो, सीआरटी रॉयल झेपत नाही. आवाज फाटत असेल तर ऑडिओ लेटन्सी ६४ वरून ९६ किंवा १२८ करा. बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते असं वाटलं तर आधी एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कम्पोझिटर बंद करा. टीव्हीला जोडलं असेल तर टीव्हीचा गेम मोड लावा. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागे पडतो, तारेचा वापरा.

पॅड

तारेचा एक्सबॉक्सच्या धाटणीचा पॅड लावला की लिनक्सला काहीच शिकवावं लागत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. एटबिटडोचे एसएन३० सारखे पॅड असतील तर एक्स आणि स्टार्ट एकत्र दाबून चालू करा, म्हणजे तो एक्सबॉक्ससारखा वागतो.

बाजारात तीन-चारशे रुपयांत मिळणारा साधा यूएसबी पॅडही चालतो, पण त्याची एक खोड आहे. मधे 'ॲनालॉग' किंवा 'मोड' नावाचं बटण आणि शेजारी लाल दिवा असतो. दिवा बंद असताना डावीकडची अधिक-चिन्हाची बटणं कांडीसारखी वागतात, दिवा लागला की वेगळ्या नावाने ओळखली जातात. दिवा बंद ठेवून बटणं जुळवली आणि उद्या कुणी चुकून मोड दाबला, की 'पॅड बिघडला' अशी ओरड होते. आधी दिव्याची स्थिती ठरवा, मग जुळवणी करा. जेएसटेस्ट-जीटीके नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बटण दाबून खूण हलते का ते बघा. विकत घेताना दुकानातच वर-उजवीकडे अशी तिरकी दिशा दाबून बघा, स्वस्त पॅड तिथेच दगा देतात. स्टीममध्ये कंट्रोलर सेटिंग्जमधून अशा पॅडची जुळवणी एकदा केली की सगळ्या गेमला लागू होते.

कीबोर्डवरच खेळायचं तर एक लक्षात ठेवा. लॅपटॉपचे कीबोर्ड तीन बटणं एकदम दाबली की काही जोड्या ओळखत नाहीत, डावा-वर बाण आणि स्पेस ही त्यातली नेहमीची जोडी. उडी झेड, एक्स किंवा शिफ्टवर न्या.

ऊन, लाइट आणि डेटा

पंचेचाळीस अंशांत लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते, प्रोसेसर तापतो, आपला वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. लाकडी पाटावर ठेवा, कडेने हवा खेळू द्या. कूलरच्या थेट तोंडासमोर मात्र नको, तुषार आत जातात. आपल्याकडे कापसाच्या हंगामात तंतू आणि उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ पंख्यात बसते, वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. गेममधला व्हीसिंक (चित्रांचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारा पर्याय) चालू ठेवा. साधा पिक्सेल गेमही व्हीसिंकशिवाय सेकंदाला शेकडो चित्रं काढत बसतो आणि त्या फुकटच्या कामाने मशीन तापतं.

दिवसाचा दीड-दोन जीबीचा मोबाइल डेटा असेल तर प्रोटॉन आणि त्याच्या सोबतचं रनटाइमच एका दिवसाचा कोटा खाऊन टाकतं, हे धरून चाला. सेटिंग्ज, डाउनलोड्समध्ये शेडर प्री-कॅशिंग बंद करा. पहिल्यांदा थोडं अडखळेल, पण डेटा वाचेल. तिथेच अपडेटची वेळ रात्रीची लावा. होस्टेलवर किंवा घरात दोन मशीन एकाच राउटरवर असतील तर एकावर उतरलेला गेम दुसऱ्यावर स्टीम थेट नेऊन देतं. २०२३ पासून ही सोय आहे. सेटिंग्ज, डाउनलोड्समध्ये गेम ट्रान्सफरचा पर्याय बघा.

लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, राउटर बंद पडतो. म्हणून नवा गेम नेट असताना एकदा उघडून मेनूपर्यंत नेऊन ठेवा, प्रोटॉनची पहिली मांडणी तेव्हाच होते. मग स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन'.

सेव्ह जपा

होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले, टिंबाने सुरू होणारे फोल्डर दिसतात. स्टारड्यू व्हॅलीची शेती टिंब-कॉन्फिगमधल्या स्टारड्यूव्हॅली फोल्डरमध्ये असते. सेलेस्टची प्रगती टिंब-लोकलमधल्या शेअरमध्ये. प्रोटॉनवरच्या गेमची सेव्ह स्टीमॲप्सच्या आत कम्पॅटडेटामध्ये, गेमच्या नंबराच्या फोल्डरात. कुणी 'तो फोल्डर उडवून परत लाव' असं सांगितलं तर आधी गेमच्या पानावर क्लाउडचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर फोल्डर कॉपी करून मगच उडवा. रेट्रोआर्चमध्ये गेमच्या आतून केलेली सेव्ह आणि एम्युलेटरची सेव्ह स्टेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोअर अपडेट झाल्यावर जुनी स्टेट उघडेलच असं नाही. म्हणून खेळ थांबवताना गेमच्या आतली सेव्हही करा, आणि महिन्यातून एकदा हे सगळे फोल्डर त्याच हार्ड डिस्कवर टाका जिथे जीओजीच्या फाइली ठेवल्या आहेत.